72 वर अडकलेला काटा

माझं वजन 81 किलोवरून 72 वर आलं ते पाडव्यापासून गणपतीपर्यंत. त्यानंतर नवरात्र गेलं, दिवाळी गेली, पण काटा 72 सोडेना. एखाद्या सकाळी 71.4, दुसऱ्या सकाळी 72.8 आणि महिना संपताना पुन्हा तेच. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, नऊ किलो उतरलं हे काय कमी आहे?" कमी नव्हतंच. पण माझं वय 48, उंची 157 सेंटिमीटर आणि पाडव्याच्या सुमारास एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) 6.2 आलेलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आईला मधुमेह होता, मावशीच्या पायाचं बोट त्यापायी काढावं लागलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की आपल्या लोकांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, रेघ 25 वर नाही, 23 वर ओढतात आणि बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी. माझी 98 होती, ती 91 झाली. बीएमआय अजून 29. निम्मी वाटही सरली नव्हती.

पहिले नऊ किलो कसे उतरले त्यात सांगण्यासारखं फार नाही. रात्रीची एक पोळी कमी, भात अर्धी वाटी, चहातली साखर बंद, संध्याकाळचं फरसाण बंद, आणि रोज सकाळी नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत तळ्याभोवती तासभर चालणं. दिवसाला साधारण 1500 कॅलरी. पहिल्या पंधरवड्यातच जवळजवळ तीन किलो उतरले तेव्हा घरात पेढे आणायचेच काय ते बाकी होते. (नवऱ्याने खरंच आणले होते. त्याने खाल्ले.) त्यातला बराचसा भाग पाणी होतं, हे मला नंतर कळलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते, तिच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. त्या वेगाची डोळ्यांना सवय लागते, मग पुढचा खरा वेग कूर्मगतीचा वाटायला लागतो.

वजन अडकलंय हे आमच्या सकाळच्या गटात कळलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. जिऱ्याचं पाणी. ॲपल सायडर व्हिनेगर. रात्रीचं जेवण सातच्या आत. गहू बंद करून फक्त ज्वारी. एका काकांनी मेथीचे दाणे भिजवून आणून दिले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोनदाच जेवायचा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचा प्रयोग आमच्या अर्ध्या सोसायटीने केलेला आहे. माझ्या दिरांचं त्याने उतरलं आणि अजून टिकलंय. मला मात्र सकाळी काही न खाता बेलापूरच्या ऑफिसात एकपर्यंत बसणं जमलं नाही. गव्हाऐवजी ज्वारीचं मला कधीच पटलं नाही. दोन्ही पिठांच्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात, आणि भाकरी चपातीपेक्षा मोठी थापली जाते.

खाणं आणखी कमी करूनही पाहिलं. 1200 पर्यंत. अर्धा किलो उतरलं आणि परत आलं. त्या काळात ऑफिसात एसीखाली शाल घेऊन बसायचे, मुलाने "आई, चार्जर कुठंय?" विचारलं तरी अंगावर जायचे.

कार्तिकात वाशीच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. वयाने माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्या भेटीत काहीच बंद करायला सांगितलं नाही. "ताई, आठवडाभर आत्ता खाताय तेच खा. फक्त स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि सगळं मोजून लिहा." मला वाटलं, झालं, आता या म्हणणार की तुम्ही नकळत जास्त खाताय. सगळ्या लेखांत हेच असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं.

तेलाचं मोजमाप मला फार आवडलं, म्हणून सांगते. फोडणीचं तेल चमच्याने मोजलं की आपण त्या आठवड्यात नकळत हात आखडतो. म्हणून त्यांनी सांगितलं, तेलाचा डबा सोमवारी सकाळी वजन करून ठेवा, रोजच्यासारखा स्वयंपाक करा, पुढच्या सोमवारी पुन्हा वजन करा. आमच्या घरी चार माणसं. फरक 700 ग्रॅम भरला. भागिले चार, भागिले सात, माणशी रोज 25 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे सव्वादोनशे. माझ्या हिशेबात मी 180 धरत होते. शेंगदाण्याचं कूट, खोबरं, दुधावरची साय, सगळं धरून आठवड्याची सरासरी निघाली 1550. मी समजत होते त्यापेक्षा फक्त 50 जास्त.

बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "खाण्याची बाजू ठीक आहे. आता खर्चाची बघू."

त्यांनी मिफ्लिन–सेंट जॉर सूत्र मांडलं. 1990 चं हे सूत्र आहे: बायकांसाठी वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा 161. नुसतं पडून राहिलं तरी शरीर किती जाळेल ते यातून कळतं. 81 किलोला माझं उत्तर 1390, 72 किलोला 1300. बसून काम करणाऱ्या, पण रोज चालणाऱ्या बाईसाठी त्याला 1.4 ने गुणलं की 1950 आणि 1820. पाडव्याला मी 1950 खर्च करून 1500 खात होते. तूट 450 ची. आता नुसत्या हलकं होण्याने त्यातले 130 गेले. तेच तळं, त्याच फेऱ्या, पण नऊ किलो कमी वागवून, म्हणजे चालण्याचा खर्चही जवळपास नवव्या भागाने उतरलेला.

मग त्यांनी माझा फोन मागितला आणि पावलांचा आलेख उघडला. सकाळच्या चालण्याचा उंचवटा रोज तसाच. पण दिवसभराची बाकीची पावलं पाडव्याला जितकी होती त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त, बस. मी आठवत गेले. नेरुळ स्टेशनवरून घरी चालत यायचे, तिथे केव्हापासून तरी शेअर रिक्षा आली होती. ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट. जेवणानंतर भांडी आवरताना मध्ये खुर्ची. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. महिनाअखेरीला पैसे कमी पडायला लागले की माझी आई कुणाला न सांगता चहात दूध कमी घालायची, शरीराचंही तसंच. आवक घटली की ते गुपचूप काटकसर करतं: बसल्या जागी पाय हलवणं कमी, उठणं कमी, अंगातली ऊब कमी. ती शाल आठवली.

हे सगळं धरून बाईंनी अंदाज काढला की माझा दिवसाचा खर्च आता 1700 च्या घरात असेल. खाणं 1550. तूट उरली 150. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, म्हणजे एक किलो उतरायला पन्नासएक दिवस. आणि माझ्या काट्यावरचं वजन तर एका आठवड्यात सहज दीड किलो खालीवर होत होतं. पन्नास दिवसांत उतरणारा एक किलो त्या गोंधळात दिसणार कसा?

हे दीड किलो कुठून येतं याचाही उलगडा झाला. आमच्याकडे गुरुवार सोडून मासे असतात. दिवाळे गावच्या बाजारातून कधी मांदेली, कधी बोंबील, आणि पावसाळ्याच्या सोयीने भरलेला सुका जवळा वर्षभर. ज्या रात्री जवळ्याची चटणी, त्याच्या दुसऱ्या सकाळी काटा पाऊण किलो वर. मिठाने धरलेलं पाणी. पाळी अनियमित झालेली, तिच्या आधी आठ दिवस सूज. ऑडिटच्या आठवड्यात झोप पाच तास, तेव्हाही वर. तेव्हापासून रोजचा आकडा वहीत लिहिते, पण बघते फक्त आठवड्याची सरासरी. मागचे आकडे घेऊन सरासऱ्या काढल्या तर गणपती ते दिवाळी 72.3 वरून 71.9. अगदीच थांबलं नव्हतं, पण ज्याला उतरणं म्हणावं असंही काही नव्हतं.

सगळीकडे लिहितात की काटा हलला नाही तरी टेप हलते, कपडे सैल होतात. माझी टेपही हलली नाही. 91 ची 91. ते वाचून मी महिनाभर शिंप्याकडे द्यायचा कुर्ता तसाच ठेवला होता.

डॉक्टरांनी दरम्यान टीएसएच, बी12, ड जीवनसत्त्व तपासून घेतलं. थायरॉइड व्यवस्थित निघालं, ड कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनबद्दल मीच विचारलं, कारण टिरझेपटाइड आपल्याकडे आल्यापासून ऑफिसात दुसरा विषय नव्हता. ते म्हणाले, तुमच्या आकड्यांना आज तरी गरज नाही, आणि एक लक्षात ठेवा, या औषधांवरही वर्ष-सव्वा वर्षात वजन एका जागी येऊन थांबतंच. सेमाग्लुटाइड या तशाच औषधाच्या मोठ्या चाचणीत साठाव्या आठवड्याच्या सुमाराला रेघ सपाट झाली होती. औषध घेऊनही थांबतं म्हटल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

घाबरवणारं एक मी स्वतः शोधून वाचलं होतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची स्पर्धा व्हायची, तिच्यातल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास 2016 मध्ये आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं, आणि शरीराचा बसल्या जागचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला 500 कॅलरींनी कमीच राहिलेला. बाई म्हणाल्या, त्या लोकांनी काही महिन्यांत पन्नास-साठ किलो उतरवले, दिवसाचे कित्येक तास व्यायाम करून. तुम्ही सहा महिन्यांत नऊ. त्यांचा आकडा उचलून स्वतःला लावू नका.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पचायला जड गेलं. तीन आठवडे खर्चाइतकं खा. रोज 1700 ते 1750. मोजून, पण उतरवायचं नाही.

मार्गशीर्ष सुरू झाला होता. सासूबाई गुरुवार धरतात, मीही धरते, आणि साबुदाण्याची खिचडी हा आमच्या घरातला सर्वात कॅलरीदार उपास आहे: साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर शेंगदाण्याचं कूट, वर तूप. पाडव्यापासून मी गुरुवारी नुसतं ताक आणि रताळं घेत होते. त्या तीन आठवड्यांत वाटीभर खिचडी दह्याबरोबर खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी माणसात आलीस." पहिल्या आठवड्यात सरासरी 700 ग्रॅमनी चढली. मी बाईंना मेसेज टाकला, त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: "ग्लायकोजेन, ताई. थांबा." दुसऱ्या आठवड्यात चढली नाही. तिसऱ्यात किंचित खाली.

या मधल्या सुट्टीमागे ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आहे. 51 लठ्ठ पुरुष, अर्ध्यांनी सलग कमी खाल्लं, अर्ध्यांनी दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे पुरेसं असं आलटून पालटून. आलटून पालटूनवाल्यांचं जास्त उतरलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसंच दिसलं असं नाही, आणि ते सगळे पुरुष होते हे मला खटकतं. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत माझी चयापचय क्रिया सुधारली की नाही, मला सांगता येणार नाही. मी नीट झोपले, शाल सुटली आणि स्टेशनवरून चालत यावंसं वाटायला लागलं. मला इतकं पुरलं.

त्याच काळात ताटाची मांडणी बदलली. वहीत प्रथिनं निघाली होती दिवसाला 42 ग्रॅम. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी 60, आणि वजन उतरवताना त्याहून जास्तच हवीत. आपल्याला वाटतं, वरण आहे की रोज. पण आमच्या घरच्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम 5 ग्रॅम असतात. माझा लाडका ओला बोंबील तर बहुतेक पाणीच. आता सकाळी दोन अंडी, डब्यात मसुराची किंवा मटकीची घट्ट उसळ, रात्री मासे किंवा पिठलं, अधूनमधून सोयाचे तुकडे रश्शात. पिठल्याला वजन उतरवणाऱ्यांनी फार कमी लेखलंय. तेल हात राखून घातलं तर त्याच्यासारखं पोटभरीचं दुसरं काही नाही. 75 ग्रॅमपर्यंत पोचते. भूक निम्म्यावर आली, आणि भाताची आठवण फक्त माशाच्या कालवणाला येते.

व्यायामशाळा हा स्वतंत्र अध्याय. बागेतल्या ओपन जिमच्या यंत्रांवर आम्ही बायका पाय हलवत गप्पा मारतो, त्यात वजन वाढवायची सोय नसते. सीवूड्सच्या एका साध्या जिममध्ये नाव घातलं. प्रशिक्षक कोपरखैरणे गावातला पंचविशीचा मुलगा. पहिल्या दिवशी मी दोन-दोन किलोची गुलाबी डंबेल्स उचलली तर म्हणाला, "काकू, बाजारातून येताना दोन्ही हातांत मिळून किती वजन असतं तुमच्या?" मी म्हटलं, आठ-नऊ किलो. "मग हे खाली ठेवा." खुर्चीवरून उठणं-बसणं, मग केटलबेल (वर कडी असलेलं लोखंडी वजन) धरून तेच, मग जमिनीवरून दांडा उचलणं. चैत्र येईपर्यंत 40 किलो उचलायला लागले. पाठ दुखायची, ती दुखायची थांबली.

स्नायू वाढवा म्हणजे बसल्या बसल्या चरबी जळते, असं जिमच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. हिशेब केला तर फार काही जळत नाही. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेराएक कॅलरी जाळतो, एक किलो चरबी साडेचार. दोन किलो स्नायू कमावले, आणि माझ्या वयात ते दोन किलो म्हणजे मोठीच गोष्ट, तरी रोजचा एक बिस्किटाचा पुडासुद्धा सुटत नाही. वजन उचलायचं ते वेगळ्यासाठी: उतरताना शरीराने चरबीच मोडावी, मांड्या-दंड नव्हे. पन्नाशीच्या तोंडावर बायकांचे स्नायू आणि हाडं तशीही झिजायला लागतात.

संक्रांतीनंतर पुन्हा उतरायला घेतलं. यावेळी खाणं 1550 वरच ठेवलं, खर्च वाढवला. परतताना नेरुळऐवजी एक स्टेशन आधी, सीवूड्सला उतरायचं आणि घरापर्यंत चालायचं. लिफ्ट बंद. जेवणानंतर सोसायटीतच दहा मिनिटं फेऱ्या, त्यात नवराही यायला लागला आणि त्याचं माझ्या दुप्पट वेगाने उतरलं, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. फेब्रुवारीत माझी सरासरी 71 च्या खाली गेली. आठवड्याला कधी थोडं, कधी काहीच नाही. टेप काट्याच्याही नंतर हलली. होळीला कंबर 88, आणि कुर्ता एकदाचा शिंप्याकडे गेला.

गेल्या महिन्यात 68 वर पुन्हा थांबलं. यावेळी मी वही उघडली, सूत्र मांडलं, आणि तूट कुठे गेली ते स्वतःच काढलं. उकाड्याने संध्याकाळचं चालणं सुटलं होतं. ते सकाळच्या चालण्याला जोडून पाहिलं, पण साडेपाचला उठणं झोपेच्या मुळावर यायला लागलं. डॉक्टरांकडे गेले. एचबीएवनसी 5.6. ते म्हणाले, आकडा 5.7 च्या उंबरठ्याखाली आलाय, तुमची इच्छा असेल तर काही महिने इथेच धरून ठेवा, पावसाळ्यानंतर पुढचं बघू. बाईंनीही होकार दिला, फक्त जिम सोडायची नाही म्हणाल्या. मला स्वतःला 65 हवं होतं. पण साडेपाचला उठून चिडचिडत मिळवलेले तीन किलो मला परवडणार नाहीत, असं मी ठरवलं आणि 1650 वर स्थिर झाले.

मावसबहीण पनवेलला असते. तिचं 79 वर अडकलंय. परवा फोनवर म्हणाली, "ताई, तू काय बंद केलंस ते सांग ना." मी तिला तेलाचा डबा वजन करून ठेवायला सांगितलं. तिने त्या दिवसापासून घरातलं तळण बंद केलं. म्हणजे या आठवड्याचं मोजमाप गेलंच. पुढच्या सोमवारी पुन्हा करायचं ठरलंय, भजी धरून.

पुढची तपासणी जुलैत आहे. सध्या देवगडची पेटी उघडलीये. रोज एक हापूस, जेवणाबरोबर, फोडी करून. रस फक्त रविवारी, आणि त्या दिवशी पुऱ्या दोन.